डब्यातली चिठ्ठी, पीपी नंबर अन् आताचे ग्रुप : तुमच्याकडे निरोप कसा यायचा?

वावरवाला_नेर
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. परवा घराची झाडझूड करताना माळ्यावरून एक डबा खाली पडला, साधा ॲल्युमिनियमचा तीन खणांचा, त्यावर लाल ऑइलपेंटनं माझं नाव अन् खाली 'यवतमाळ' लिहिलेलं. पोरीनं विचारलं बाबा हे काय, तिले सांगता सांगता अर्धा तास गेला म्हणून म्हटलं इथंही लिहून टाकावं.

मी १९९१ ते ९४ यवतमाळले खोली करून राहत होतो, कॉलेजसाठी. गाव नेर तालुक्यात, मेन रोडपासून तीन किलोमीटर आत. मेस परवडे नाही, त्यामुळं डबा घरून यायचा, एसटीनं. ज्याइनं हे केलं त्याइले माहीत आहे पण नव्या पोरांसाठी सांगतो. माय पहाटे चारले उठून भाकरी टाकायची, बाबा सायकलच्या हँडलले डबा अडकवून फाट्यावर यायचे, अमरावतीकडून येणारी सकाळची गाडी थांबली की डबा कंडक्टरजवळ, अन् यवतमाळच्या स्टँडवर गाडी लागली की सगळे डबे उतरून एका खांबापाशी मांडलेले राहायचे. वीस-पंचवीस डबे. आम्ही पोट्टे जाऊन आपापला ओळखायचो, संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. एकदा अदलाबदल झाली, दारव्ह्याच्या एका पोट्ट्यानं माही भाजी खाल्ली मी त्याची, तो आजही दोस्त आहे.

पण सांगायचं ते डब्याचं नाही. वरच्या खणाच्या झाकणात घडी केलेला कागद असायचा. माय चौथी शिकलेली, अक्षर मोठमोठं. 'गाय व्याली. गोऱ्हा.' 'भाजीत मीठ जास्त झालं, कांदा घे.' 'वीस रुपये खालच्या खणात आहे, भातात हात घालू नको, फडक्याच्या गाठीत पाहा.' मी त्याच कागदाच्या मागं लिहायचो, 'पैसे भेटले. शनिवारी येतो. ठेचा पाठव.' तीन वर्षं हेच आमचं पत्र, फोन, सगळं.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर चिठ्ठी आली ती बाबाच्या अक्षरात. 'सर्व ठीक. अभ्यास कर.' पण भाकर मायच्या हाताची नव्हती. जाडजूड, कडा फाटलेल्या, मधात कच्ची. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी मी रिकाम्या डब्यासोबत स्वतःच गाडीत बसलो. घरी माय टायफॉइडनं पडलेली, अन् शेजारची काकू भाकरी टाकून देत होती (तिच्या घरचे तशी भाकर रोज कसे खात असतील देव जाणे). बाबा म्हणे तुले कोणं सांगतलं बे? काय सांगू आता, भाकरीनं सांगतलं.

आता माह्या फोनमधी अकरा ग्रुप आहेत. सख्खा मामा दवाखान्यात होता ते मले चार दिवसांनी समजलं, कारण मेसेज येऊन पडला होता अन् त्याच्यावर ऐंशी गुड मॉर्निंग. तुमच्याकडं निरोप कसा यायचा, सांगा बरं.

लालडबा_निवृत्त
रविवार, रात्री ९.४२

वा भाऊ. मी दिग्रस डेपोले कंडक्टर होतो, डबे आम्ही पण नेलेत, पावसाळ्यात सीटखाली सरकवून ठेवायचो, वास असा सुटे का पॅसेंजर विचारे कोणाच्या घरचं वांगं आहे.

डब्यापेक्षा तोंडी निरोप जास्त. 'पुढच्या फाट्यावर पांढऱ्या टोपीचा बुढा उभा असन त्याले सांगा म्हशीचं ठरलं.' 'थ्रेशरचा पट्टा घेऊन या, पैसे परवा देतो.' औषधाच्या बाटल्या, पेपरचे गठ्ठे, मोटरपंपाचं वायसर. तिकीट फाडता फाडता दहा निरोप डोक्यात ठेवा लागत.

एक विसरलो. एका घरी पोरगी पाहायले पाहुणे येणार होते, तो निरोप मले आदल्या दिवशी फाट्यावर द्यायचा होता, डोक्यातूनच गेला. पाहुणे आले तं घराले कुलूप, सगळे वावरात कापूस वेचायले गेलेले. पाहुणे ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले अन् पोरगी आली ते डोक्यावर कापसाचं गाठोडं, अंगभर धूळ. सोयरीक जमली. पुढं दोन वर्षं तो बाप मले गाडीत चहा पाजे, मी त्याले कधी सांगतलं नाही का मी विसरलो होतो, त्याले वाटे पाहुणे न कळवताच आले.

पऱ्हाटी
रविवार, रात्री १०.२५

दादा तुमची भाकरीची गोष्ट वाचून डोळे भरून आले खरं सांगते. पण तेव्हाचं ते सगळं चांगलं अन् आताचं वाईट असं माझ्याकडून म्हणणं होणार नाही, रागावू नका.

माझं लग्न १९८८ चं. माहेर आर्वीकडलं, सासर मंगरूळपीरजवळ. तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होतं, १९९८ मध्ये वाशिम वेगळा झाला तरी माझी माय पत्त्यावर शेवटपर्यंत जि. अकोला लिहून घ्यायची अन् कार्ड बरोबर यायचं. तर सांगायचं हे की माझं पत्र लिहायचे माझे दीर. मी सातवी शिकलेली होती, मला येत होतं लिहिता, पण घरात सुनेनं पत्र लिहायची पद्धत नव्हती. 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे' एवढं लिहून झालं की दीर विचारायचे वहिनी अजून काही? सासूबाई समोर बसलेल्या. काय सांगणार? नाही म्हणायची.

माहेरून कार्ड आलं की सासरे ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे, मी चुलीपाशी बसून ऐकायची. माझंच पत्र, सगळ्यात शेवटी माझ्या हातात. कधी कधी तर पोरांनी त्याच्यावर शाई सांडलेली असायची.

म्हणून मी अन् मायनं खूण ठरवली होती. मी म्हणायची भाऊजी लिहा, 'पाऊसपाणी बरं आहे.' म्हणजे बरं आहे. अन् 'पाऊस नाही' असं आलं की भावाला मुऱ्हाळी म्हणून पाठव, काहीतरी झालं आहे. हे दोन वर्षं चाललं. मग एक साल खरंच पाऊस नाही आला, दुबार पेरणीची वेळ आली, अन् दिरांनी मला न विचारता आपल्या मनानंच लिहून टाकलं की इकडे पाऊस नाही. चौथ्या दिवशी माझा भाऊ दारात. ना आखाडी ना पोळा, सासरे विचारतात जवळ काहीच सण नाही, कसे काय आले? त्यानं बिचाऱ्यानं सांगितलं की बैल पाहायला आलो. अन् खरंच बैल पाहत फिरला दोन दिवस त्या गावात, एक तर घ्यायचीच पाळी आली होती.

२००७ ला त्याच भावानं मला टॉर्चवाला नोकिया दिला. इनकमिंगला पैसे लागत नव्हते. सोयाबीन निंदता निंदता दुपारी बायका जेवायला बसल्या की मी धुऱ्यावर लांब जाऊन मायशी बोलायची. एकटी. पहिल्या दिवशी तर बोलताच आलं नाही, दोघी नुसत्या हॅलो हॅलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मधात कोणी नव्हतं. नंतर मी तिला नव्वद सालची एक गोष्ट सांगितली, ती इथं सांगत नाही. तर त्या मोबाईलला मी नावं नाही ठेवणार.

वावरवाला_नेर
रविवार, रात्री १०.४०

ताई, तुमचं वाचून गप्प बसलो. आमच्या घरी पण काकीचं पत्र बाबाच लिहीत. मले तेव्हा ते चुकीचं वाटलंच नव्हतं.

शाखा_डाकघर
सोमवार, सकाळी ६.०५

ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी गावचा ब्रँच पोस्टमास्तर होतो, आमच्यासारख्यांना आधी ईडी म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल म्हणायचे, आता ग्रामीण डाक सेवक म्हणतात. काम सकाळचे काही तास, मग वावर. अर्ध्या गावाची पत्रं मीच वाचून दाखवली अन् मीच लिहिली, त्यामुळं कोणाच्या घरात काय शिजतं ते मला सगळं माहीत अन् त्याचा भारही मला.

वाचून दाखवताना मी बदल करायचो, आज कबूल करतो. मुंबईला कामाला गेलेल्या एका पोरानं बापाला लिहिलं होतं की तुम्ही माझ्यासाठी काय केलं, आता पैसे मागू नका. मी वाचलं, 'सध्या हात तंग आहे, पुढच्या महिन्यात पाठवतो.' आता पुढच्या महिन्यात काय करू? नशिबानं मनीऑर्डर आली खरंच, ऐंशी रुपये. खालच्या संदेशाच्या जागेत काहीच लिहिलेलं नव्हतं तरी मी म्हटलं 'प्रकृतीची काळजी घ्या' लिहिलंय. बुढ्यानं ते कात्रण दोन दिवस बंडीच्या खिशात ठेवलं.

वाईट बातमीचं कार्ड असलं की कोपरा फाडलेला असायचा, वर 'श्री' नसायचं. ते घरात नेत नव्हते, बाहेरच वाचायचं, फाडायचं, आंघोळ करायची. मी ते थैलीत वेगळं ठेवायचो अन् दुपारच्या जेवणानंतर द्यायचो. आधी दिलं तर घर उपाशी राहायचं.

पिनकोडचं कोणाला माहीत आहे का? १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, करणारे आपले मराठी माणूसच, श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्टातले मोठे अधिकारी अन् संस्कृतचे कवी. एकसारखी नावं असलेली गावं इतकी की पत्र भलतीकडेच जायचं. आता आपल्याकडेच पाहा, पिंपळगाव किती, सावंगी किती, खैरी किती. विदर्भाचा सगळा पिन ४४ नं सुरू होतो, नागपूर ४४० पासून. ताईंच्या मायचं जि. अकोला चुकलं तरी कार्ड पोचायचं ते त्याच्यामुळं असेल, अन् थोडं मंगरूळपीरच्या पोस्टमनमुळं.

तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. आमच्या गावात तार आली की फोडायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. पोस्टकार्ड मात्र अजून पन्नास पैशालाच आहे. नुसतं आहे. शेवटच्या वर्षात माझ्या थैलीत बँकेच्या नोटिसा, आधार कार्ड, एटीएम कार्ड, अन् पोरांनी मागवलेले बूट. हाताच्या अक्षराचं पत्र आठवड्यात एक नाही. पण २०१८ पासून पोस्ट पेमेंट्स बँक आली, म्हाताऱ्या बायांचे निराधारचे पैसे घरी बसून अंगठ्यावर द्यायचो, तालुक्याला चक्कर वाचायची त्यांची. ते काम पत्रापेक्षा कमी नव्हतं.

पोट्टा_यवतमाळी
सोमवार, सकाळी ११.३०

काकाजी लोक भारीच लिहून राह्यले. एक डाऊट, टायटलमधला पीपी नंबर म्हणजे काय?

पिवळा_बोर्ड
सोमवार, दुपारी २.१५

पीपी म्हणजे शेजाऱ्याचा फोन बाप्पा. लग्नपत्रिकेवर छापून यायचं, नंबर अन् कंसात पीपी. गावात फोन एकाच घरी, पाटलाकडं नाहीतर किराणावाल्याकडं, बाकी सगळ्या गावानं तोच नंबर वाटायचा. फोन आला की त्यांचा पोट्टा पळत यायचा 'तुमचा फोन आला, दहा मिनिटांनी परत लावतो म्हणे' अन् मग ज्याचा फोन तो धोतर सावरत पळते, फोनवाल्याच्या बैठकीत सगळे गप्प होऊन याचं बोलणं ऐकते. मोठ्यानं बोलायचे, जसं काही पुण्यापर्यंत आवाज आपणच पोचवायचा आहे. अन् फोनवालीनं चहा ठेवलाच पाहिजे, तिचं दूध त्यात किती गेलं असन ते कोणी मोजलं नाही.

माझा मेहकरले एसटीडी बूथ होता, ९३ पासून. पिवळा बोर्ड, काचेची खोली, लाल आकड्यांचं मीटर. लोक त्या मीटरकडं पाहूनच बोलत, आकडा चढला की घाम. रात्री दर कमी होत म्हणून उशिरा लाइन लागे, नाशिक-पुण्याले पोरं असलेले मायबाप झोप येते म्हणून माझ्याच बाकड्यावर टेकत. फोन लागला की मी उठवायचो.

सगळ्यात जास्त घोळ कोडचा. नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४. एका काकाजीनं नागपूरले व्याह्याले फोन लावायचा तर मीच घाईत ०७२१ दाबला. अमरावतीत कोण्या घरी लागला. काकाजी सुरूच, 'जमलं हो, हुंड्याबिंड्याचं काही नाही, कुंकू लावून नारळ द्या.' पलीकडची बाई म्हणे छान झालं, पण तुम्ही कोण? मी पैसे नाही घेतले त्या कॉलचे.

अन् हे फोन गावात आले कसे तेही सांगतो, कारण आमच्या बूथले येणारा लाइनमन ते नेहमी सांगे. बाहेरदेशच्या मोठ्या टेलिफोन एक्सचेंजले एसी लागे. १९८४ मध्ये सरकारनं सी-डॉट नावाची संस्था काढली, सॅम पित्रोदा त्यात होते, त्याइनं छोटं १२८ लाइनचं एक्सचेंज बनवलं ते एसीशिवाय चाले. आपल्या मे महिन्यात, जिथं माणूस चालत नाही, तिथं ते चाले. लाइनमन अभिमानानं सांगे, जसं काही त्यानंच बनवलं.

बूथ २००८ मध्ये बंद केला, आता तिथं मोबाईल रिपेअरिंग आहे, पोरगा पाहते.

मोहफूल
सोमवार, रात्री ८.५०

तुम्ही सगळे 'होतं, होतं' म्हणता. आमच्याकडे आहे.

मी शिक्षक, भामरागड तालुक्यात. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा बाकी जगाशी रस्ता तुटतो, कधी दोन दिवस, कधी जास्त. आतल्या गावांचं तर विचारूच नका, नाला आला की तिथंच थांबा. रेंज आता बरीच गावं पकडतात पण माझ्या गावात अजून एक झाड आहे, त्या झाडाखाली फोन लागतो, पोरं त्याला टॉवर झाडच म्हणतात. कोणाचा फोन यायचा असेल तर वेळ ठरवून तिथं जाऊन उभं राहायचं. फांदीला सुतळीनं एक मोबाईल बांधलेला असतो, मेसेज आला का पाहायला एक पोरगं पाठवतो आम्ही.

बाकी निरोप आठवडी बाजारात. मीठ, कपडा, मोह, कोंबडा अन् निरोप. अमक्याची बाई बाळंत झाली, तमक्या गावात पंडुम (माडियांचा सण) कधी आहे, सगळं तिथं कळतं. माडिया माणूस निरोप विसरत नाही, चार दिवस चालत आला तरी शब्दाला शब्द सांगेल. मी पहिल्या वर्षी घरी फोन न करता पस्तीस दिवस राहिलो होतो. मायला माझी खुशाली कळली ती हेमलकशाच्या दवाखान्यात आलेल्या एका पेशंटच्या नातेवाइकाकडून, तो आलापल्लीला गेला, तिथं माझ्या मित्राला भेटला, मित्रानं फोन केला. तीन माणसं लागली.

तेव्हा रेंज गेली म्हणून कोणी शहरातला रडला की मला हसू येतं, माफ करा.

वावरवाला_नेर
सोमवार, रात्री ९.३०

मोहफूल सर, हसा तुम्ही, हक्क आहे.

माझा एक ताजा किस्सा, ग्रुपवर कापसाच्या भावाचा फोटो आला, आकडा पाहून मी रात्रीच मेटॅडोर सांगितला, सकाळी चार मजूर लावून भरला, बाजारात गेलो तं भाव कितीतरी खाली. तो फोटो मागच्या सालचा होता! तारखेचा कोपरा कोणीतरी कापून टाकलेला. वापस आणायचं भाडं कोण देईन, विकून आलो. बाबाच्या काळात कापूस फेडरेशनचे चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, कधी भेटतील ते कोतवालाच्या दौंडीवर समजे, उशीर होई पण दौंडी मागच्या सालची नसे.

अन् ग्रुपवर कोणी वारलं की त्याखाली अंगठा दाखवणारे वेगळेच.

पोट्टा_यवतमाळी
सोमवार, रात्री ९.४५

काकाजी फॉरवर्ड आधी चेक करत जा नं. बाजार समितीवाल्याले फोन लावला असता तं एका मिनिटात समजलं असतं. फोन तुमच्याजवळच होता.

वावरवाला_नेर
सोमवार, रात्री ९.४७

हो बे. बरोबर आहे.

पऱ्हाटी
मंगळवार, दुपारी १.२०

अजून एक, मोबाईलवाल्यांबद्दल माझी तक्रार पण आहे. माझ्या सासूबाई आता पंच्याऐंशीच्या, बटणवाला फोन, त्यांना कोणाला लावता येत नाही, फक्त येणारा उचलतात. पहिले एकदा कार्ड घेतलं की इनकमिंग चालू राहायचं. आता दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज नाही मारला तर पोरीचा फोन येणं बंद. त्यात इंटरनेट असतं जे त्या वापरत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं (फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सांगितलं की बोलणं अन् मेसेजचे वेगळे पॅक ठेवा, तसे निघाले पण, पण दुकानातला पोरगा विचारल्याशिवाय सांगत नाही, तर ज्यांच्या घरी म्हातारे आहेत त्यांनी विचारून घ्या.

अन् हो, ज्या सासूबाई पत्र लिहिताना समोर बसायच्या त्यांचा फोन आता मीच लावून देते अन् बाहेर जाऊन बसते.

लालडबा_निवृत्त
मंगळवार, दुपारी ४.०५

वावरवाला भाऊ, डब्याचा फोटो टाका नं. मले कड्या पाहून सांगता येईन कोण्या काळातला आहे.

वावरवाला_नेर
मंगळवार, रात्री १०.१५

फोटो उद्या टाकतो. आधी दुसरंच झालं.

हा धागा संध्याकाळी मायले वाचून दाखवला. पहिल्यापासून, कंडक्टर भाऊंचं, ताईंचं, सगळं. ताईंच्या पावसाच्या खुणेवर लय हासली. मग माह्या भाकरीवाल्या गोष्टीवर आली तं म्हणे, काकूले काहून नावं ठेवते रे, तिची भाकर तर माह्यापेक्षा पातळ. म्हटलं मंग ती जाड, फाटलेली? तं म्हणे ती तुह्या बाबानं केलती. पहिले दोन दिवस काकू तिच्या माहेरी होती. मी खाटेवरून सांगे पाणी इतकं टाक, पीठ असं मळ, अन् ते कोणाले समजू नये म्हणून दार लावून करत. काकू तिसऱ्या दिवशी आली, तोपर्यंत तू घरीच आलता.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाले. मी तेहतीस वर्षं ती गोष्ट काकूच्या नावानं सांगत फिरलो, लग्नाकार्यात, तिच्या पोरांपुढं पण.

काकू आता पोरीकडं आर्णीले राहते. नंबर नाही माह्याजवळ, कोण्या ग्रुपवरही नाही ती. परवा बाजार आहे, तिचा पुतण्या कांदे घेऊन बसते तिथं, त्याच्याजवळ निरोप देतो.